यादी सरकवणारे

प्रतीक्षायादी आपल्याला नवीन नाही. टेलिफोन, गॅस, स्कूटर, सगळं एके काळी आपण नंबर लावूनच मिळवलं. त्या काळात एक समजूत हाडीमासी खिळली, की यादी ही सरकवण्यासाठीच असते. फक्त सरकवणारा गाठ पडला पाहिजे. पुढं फोन खिशात आले, स्कूटरी दुकानात गिऱ्हाइकाची वाट पाहू लागल्या, पण समजूत काही हलली नाही. म्हणून एखाद्या मुलाचं नाव आयआयएमच्या वेटिंग लिस्टवर लागलं, की सोसायटीतले समस्त सरकवणारे बाह्या सरसावून हजर!

मी बँकेत शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर बसतो. त्यामुळे ही मंडळी मला दर मे महिन्यात भेटतात. एक काका म्हणतात, ‘‘दिल्लीत ओळख आहे, फोन लावू का?’’ दुसरे म्हणतात, ‘‘डायरेक्टरना चार पानी पत्र लिही. तुमची संस्था हेच माझं स्वप्न, असं येऊ दे त्यात.’’ तिसऱ्यांनी तर पत्राचा नमुनाच आणलेला असतो. विकत! मी साधा बी.कॉम. माणूस, पण हे खातं बुडीत आहे एवढं मलाही दिसतं.

कारण यादीचा हिशेब अगदी कोरडा असतो. नोव्हेंबरात कॅट, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मुलाखती. कॅटचे गुण, दहावी-बारावीचे आणि पदवीचे मार्क, कामाचा अनुभव, मुलाखत, यांची ज्या त्या संस्थेच्या प्रमाणात बेरीज होते आणि नंबर पडतो. पडला की पडला. तो वर सरकतो केव्हा? पुढच्यानं नकार दिला तर. आणि पुढचा नकार देतो, कारण त्याच्या हातात दुसऱ्या आयआयएमचंही पत्र असतं. म्हणजे आपला नंबर हलवणारी व्यक्ती दिल्लीत नसते, ती कुठल्या तरी गावात आई-बाबांशी ‘अहमदाबाद की कलकत्ता’ यावर भांडत असते. तिला पत्र लिहिणार आहात का?

हे पत्रप्रकरण खरं म्हणजे अमेरिकेतून आलं. तिकडच्या काही बिझनेस स्कुलांना नवी माहिती चालते: जीमॅटचे वाढलेले गुण, नोकरीतली बढती, आणखी एखादं शिफारसपत्र. काही मात्र स्पष्ट बजावतात, की मागितल्याशिवाय काही पाठवू नका. तेव्हा त्यांनी काय कळवलंय ते आधी वाचावं. नवीन काही घडलं असेल तर एका पानात लिहावं. ‘माझी तळमळ अजून कायम आहे’ ही बातमी नव्हे.

माझा राग संस्थांवरही आहे. मागच्या वर्षी कितव्या नंबरापर्यंत बोलावणं गेलं, हे काही संस्था सांगतात. सगळ्यांनी, प्रवर्गवार, ठळक छापायला काय हरकत आहे? एकवीस-बावीस वर्षांचं पोरगं दर दहा मिनिटांनी मोबाइल बघत दीड महिना काढतं. जेवताना आई विचारते, ‘‘काही कळलं का रे?’’ आणि ते ताटावरून उठतं. आमच्या बँकेत टोकन घेऊन बसलेल्या माणसालासुद्धा पुढं किती जण आहेत ते दिसतं हो!

तोवर करण्यासारखं आहे ते एवढंच. हातात दुसरी चांगली जागा असेल तर तिचे पैसे मुदतीत भरावेत, पण आधी परताव्याचे नियम वाचून. नोकरीचा राजीनामा खिशातच ठेवावा. पुढच्या कॅटची तयारी सोडू नये, कारण यंदाचे गुण पुढच्या वर्षी चालत नाहीत. आणि कर्जाची कागदपत्रं आजच जमवावीत: गुणपत्रिका, पॅन कार्ड, वडिलांची आयकर विवरणपत्रं. बोलावणं आलं, की पैसे भरायला दिवस फार थोडे मिळतात. सहकर्जदार म्हणून बहुधा वडिलांचीच सही लागते. तेव्हा जून उलटेपर्यंत त्यांनी चारधाम यात्रेचं बुकिंग करू नये. गेल्या खेपेस एक जण थेट बद्रीनाथला होते, आणि तिथं रेंज नव्हती.