प्रयोगशाळेचे मनोरे

नवें घर बांधावयाचें ठरलें म्हणजे बैठकीची खोली रस्त्याकडे असावी कीं बागेकडे, यावर घरांत चार दिवस खल चालतो. स्वयंपाकघराचा धूर कोठून जावा हा प्रश्न मात्र बहुधा चूल पेटल्यावरच सुचतो. जेथें रसायनें, जंतु आणि प्रयोगाचे प्राणी बाळगावयाचे, त्या संशोधनमंदिरांत एवढी बेफिकिरी चालत नाहीं. एका दालनांतील दूषित हवा दुसऱ्यांत शिरतां कामा नये.

अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय संशोधनासाठीं जी रिचर्ड्स प्रयोगशाळा १९६० च्या सुमारास उभी राहिली, तिचे स्थपति लुई कान. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या विटांच्या कमानींमुळें त्यांचें नांव कित्येक वाचकांच्या परिचयाचें असेल. कान यांना नळ आणि हवेचे मार्ग यांचा मनस्वी तिटकारा. आणि म्हणूनच या नावडत्या मंडळींस हक्काची जागा दिली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें! त्यांनीं इमारतींतील जागांचे दोन वर्ग पाडले: सेवा घेणाऱ्या आणि सेवा करणाऱ्या. प्रयोगाचीं दालनें चौरस, प्रत्येक बाजू सुमारें ४५ फूट, कोपऱ्यांत खांब नाहीं. आणि त्यांच्या कडेस विटांचे उंच मनोरे. कांहींत जिने, कांहींत वापरलेली हवा वर नेणाऱ्या वाटा. ताजी हवा घेण्याची सोय मधल्या स्वतंत्र मनोऱ्याकडे, प्राण्यांची व्यवस्थाही तेथेंच. इतर स्थपति जें छताआड दडवितात तेंच येथें इमारतीची शोभा झालें. १९६१ सालीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयानें या एकाच इमारतीचें प्रदर्शन भरविलें.

आंत बसणाऱ्यांचा अनुभव निराळा होता. मोठ्या कांचांतून ऊन थेट टेबलावर येई. संशोधकांनीं खिडक्यांस ॲल्युमिनियमचे वर्ख चिकटविले. छताखालीं उघड्या ठेवलेल्या नळांवर धूळ सांचे. धुराला मनोरा मिळाला आणि सूक्ष्मदर्शकापुढें बसणाऱ्यास सावली मिळाली नाहीं, ही उणीव आम्हांस तरी क्षुल्लक वाटत नाहीं. इमारतीची कीर्ति कितीही मोठी असो, दिवसाचे आठ तास जो तेथें काढतो त्याला आधीं विचारावयास हवें होतें.

पुढें जोनास साल्क यांच्या संस्थेसाठीं कॅलिफोर्नियांत कान यांनीं बांधलेली इमारत १९६५ सालीं पुरी झाली. तेथें प्रत्येक प्रयोगमजल्याच्या डोक्यावर केवळ नळांसाठीं माणूस उभा राहील एवढा वेगळा मजला आहे. कारागीर वर दुरुस्ती करतो, खालचा प्रयोग थांबत नाहीं. वाचन-चिंतनाच्या खोल्या प्रयोगशाळेपासून अलग, समुद्राकडे पाहणाऱ्या. त्यांच्या खिडक्यांना सागवानी झडपा आहेत, ऊन नको असल्यास त्या सरकवितां येतात.