डे वन : फक्त अरायव्हल

कुठल्याही टूरचं ब्रोशर उघडा. पहिल्या दिवसापुढे ठरलेलं वाक्य असतं, ‘डे वन : अरायव्हल, हॉटेल चेक-इन, आराम.’ म्हणजे फुकट गेलेला दिवस. पैसे खरे वसूल होणार ते दुसऱ्या दिवसापासून. मीही असंच समजायचे. यंदाच्या दिवाळीपर्यंत.

सासर मालेगावचं. थांबा, नाशिकवालं नाही! वाशिम जिल्ह्यातलं. हे वाक्य मी लग्नापासून इतक्यांदा म्हटलंय की व्हिजिटिंग कार्डावरच छापून घ्यावं म्हणते. तर दिवाळी मालेगावात आणि भाऊबीज उरकली की तिथूनच थेट नेपाळ, असा आमचा प्लॅन. नेपाळच का? कारण आमच्या नवरोबांकडे पासपोर्ट नाही. हिंजवडीत आयटीत काम करणारा, दिवसरात्र अमेरिकेशी बोलणारा माणूस, आणि पासपोर्ट नाही! दोन वर्षं मी मागे लागलेय. ‘बघू गं’, ‘पुढच्या महिन्यात’, ‘रिलीज आहे’. शेवटी म्हटलं, चला, जिथे मतदार ओळखपत्रावर जाता येतं तिथे जाऊ.

हे ऐकून सासरे हसले. ‘पासपोर्टबिना फॉरेन? मंग ते फॉरेन कायचं बाप्पा!’

रात्री दोनला घर सोडलं. सासूबाईंनी चिवड्याची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. समृद्धी महामार्गावर मालेगावजवळूनच चढता येतं. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२मध्ये सुरू झाला आणि जून २०२५मध्ये सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईच्या बाजूला पूर्ण झाला. पूर्वी नागपूर गाठायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा, असं सासरे सांगतात. आम्ही अडीचशेच्या आसपास किलोमीटर तीन तासांत संपवले. ड्रायव्हर ठेवला होता, त्यामुळे मागच्या सीटवर आम्ही दोघंच. बोलायला काही हरकत नव्हती. पण हा मोबाइलवर मेल बघत होता आणि मी चिवडा खात होते.

नागपूर ते दिल्ली झोपेत गेलं. दिल्लीच्या काउंटरवर मात्र जाग आली. आमच्या पुढच्या कुटुंबातल्या एका काकांनी आधार कार्ड काढलं आणि तिथेच अडकले. लक्षात ठेवा मंडळी, विमानाने नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, तेही ओरिजिनल. आधार चालत नाही. याचं कार्ड अठराव्या वर्षीचं. फोटोत मिशीसुद्धा धड फुटलेली नाही. अधिकाऱ्याने फोटो बघितला, मग हा बघितला, पुन्हा फोटो. शिक्का बसेपर्यंत माझा जीव टांगणीला!

आणखी एक टिप. दिल्ली-काठमांडू विमानात डावीकडची खिडकी मागून घ्या. मला वाटलं, दूरवर ढगांची रांग आहे. पण ढग हलतात, ही हलेना. मी याला कोपराने ढोसलं. तो उठला, बघितलं आणि पहिल्यांदाच फोन खिशात टाकला.

काठमांडूला उतरल्यावर पहिलं काम म्हणजे घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. नेपाळची वेळ गौरीशंकर शिखराच्या रेखावृत्तावरून ठरवलेली आहे, म्हणून हा पाऊण तासाचा विचित्र हिशेब : ग्रिनिचच्या पुढे पाच तास पंचेचाळीस मिनिटं. परदेशात आल्याचा पुरावा एवढाच. कारण बाकी सगळ्या पाट्या देवनागरीत! ‘विमानस्थल’, ‘आगमन’, बाहेर पडल्यावर ‘पसल’ म्हणजे दुकान. आम्ही दोघं बालवाडीतल्या पोरांसारखे पाट्या मोठ्याने वाचत सुटलो. त्यांचा तिहार नुकताच संपलेला, दारादारांवर झेंडूच्या माळा अजून होत्या. हा म्हणाला, ‘आईला फोटो पाठवतो.’

आमचं लॉज नगरकोटला होतं, काठमांडूहून ३२ किलोमीटर. काठमांडू शहरच जवळजवळ आपल्या महाबळेश्वराच्या उंचीवर आहे. नगरकोट त्याहून वर, २,१०० मीटरच्या पुढे. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच. भक्तपूर मागे पडलं आणि वळणं सुरू झाली. टप्प्याटप्प्याची शेतं, मग पाइनची झाडं, मग अंधार. दोघांच्याही फोनची रेंज गेली. आणि मी सहज, अगदी सहज विचारलं, ‘आता तरी काढशील ना पासपोर्ट?’

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘पासपोर्ट काढला की ऑनसाइटला पाठवतील. दोन वर्षं. मार्चपासून विचारतायत.’

मार्चपासून! मला न्यू जर्सीचे फोटो दाखवायचा हा माणूस मार्चपासून गप्प होता.

‘गेल्या वर्षी बाबांच्या छातीत दुखलं तेव्हा आपण रात्री पुण्याहून निघालो, सकाळी मालेगावात होतो. तिकडून कसा पोचू?’

मला राग आला. खरं सांगायचं तर रडूही आलं, कारण मनातल्या मनात मी तिकडे केव्हाच घर लावून बसले होते. ‘मग सांगितलं का नाहीस?’

‘तू विचारलंस कुठे? पासपोर्टचं काय झालं, हे विचारलंस. जायचंय का, हे एकदाही नाही.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात असते तर दार आपटून बेडरूममध्ये गेले असते. त्याचा कॉल आला असता आणि विषय संपला असता. इथे जायला जागाच नव्हती. टॅक्सीतून उतरता येईना, फोनला रेंज नाही. ड्रायव्हरदादांना मराठी कळत नव्हतं, पण त्यांनी गाण्याचा आवाज मात्र बारीक केला. मग बोललो. सगळंच. माझ्या सुटलेल्या नोकरीपासून त्याच्या नाइट शिफ्टपर्यंत. लॉजवर पोचल्यावर डाळभात खाताना बोललो, गरम पाण्याच्या पिशव्या पायाशी घेऊन बोललो. बाहेर मिट्ट काळोख, डोंगर कुठे आहेत ते दिसतही नव्हतं.

पहाटे त्याने मला हलवलं. ‘ऊठ, सहा वाजले.’ मी फोन बघितला, सव्वासहा! साहेबांचं मनगटी घड्याळ अजून मालेगावच्याच वेळेवर होतं. स्वेटर चढवून गच्चीवर धावलो, तोवर पहिलं शिखर गुलाबी होऊन गेलं होतं. बाकीची मिळाली.

‘डे टू’पासूनचे फोटो भरपूर आहेत, मैत्रिणींनी लाइकही केलेत. टॅक्सीतल्या त्या दीड तासाचा एकही फोटो नाही.

परत आल्यावर एका रविवारी दोघांनी मिळून पासपोर्टचा फॉर्म भरला. जन्मस्थान मालेगाव, जिल्हा वाशिम. जिल्हा दोनदा तपासला. जायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.