गर्भातील बाळ आणि प्लास्टिकचे कण

रोम येथील डॉ. अंतोनियो रागुसा व सहकाऱ्यांनी २०२१ साली सहा मातांच्या वारेवरील संशोधन प्रसिद्ध केले. चौघींच्या वारेत प्लास्टिकचे सूक्ष्म कण आढळले. १२ कणांपैकी ५ बाळाच्या बाजूस होते. या कणांमुळे बाळाला नेमकी कोणती इजा होते, हे अद्याप सिद्ध झालेले नाही. म्हणून गर्भवती भगिनींनी भयभीत होऊ नये. परंतु आपण बेफिकीरही राहू नये. उष्णतेने प्लास्टिकमधून असे कण अधिक सुटतात. राज्यात २०१८ पासून पिशवीबंदी असूनही ठाणे, कल्याण, डोंबिवलीत वाफाळता चहा पिशवीत बांधून मिळतोच. आम्हांस वाटते, ही काळजी एकट्या मातेवर टाकू नये. बाजारात जाताना स्टीलचा डबा पतीनेही उचलावा.