तळहात खाजला की लक्ष्मी येते?

परवा संध्याकाळी आमच्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकमध्ये सातव्या मजल्यावरची मुलगी भेटली. (मुलगी म्हणजे आठवा महिना लागलेली बाई, पण आपल्या नजरेला मुलगीच!) चेहरा ओढलेला. "काकू, चार रात्री झोप नाही. तळहात आणि तळपाय नुसते खाजतात. आई फोनवर म्हणते उष्णता झालीये, सब्जा पी, खोबरेल लाव."

"पुरळ आहे?"

"काहीच नाही. खाजवून ओरखडे पडलेत तेवढेच."

"मग सब्जा राहू दे. आत्ता डॉक्टरांना फोन कर."

ती दचकलीच. मी डॉक्टर नाही, इंजिनियर आहे, पण या बाबतीत मला बोलायचा हक्क आहे.

पंधरा वर्षांपूर्वी, याच चोआ चू कांगच्या घरात, धाकट्याच्या वेळेस मलाही असंच झालं. सासूबाई बाळंतपणासाठी इचलकरंजीहून आल्या होत्या. मी हात खाजवताना पाहून म्हणाल्या, "तळहात खाजतोय? लक्ष्मी येणार बघ!" तळपायही खाजतात म्हटल्यावर त्यांनी प्रवासयोगही काढला. दिवसा आम्ही हसायचो. रात्री दोनला मी बाथरूमच्या गार फरशीवर अनवाणी उभी असायचे. जवळच्या एका दवाखान्यात 'कातडी ताणली जाते, क्रीम लावा' असं सांगितलं. दहा दिवस क्रीमच लावत बसले. पुढच्या तपासणीत एका नर्सने सहज विचारलं, "कुठे खाजतं? रात्री जास्त का?" आणि लगेच रक्त घेतलं.

आता, गरोदरपणातली बहुतेक खाज निरुपद्रवी असते हे खरंच. पोटाची कातडी ताणते, कोरडी पडते. इथल्या दमट हवेत घामोळं तर पाचवीलाच पुजलेलं. कुणाला शेवटच्या महिन्यांत पोटावरच्या ताणाच्या रेघांत लाल पुरळ उठतं, कुणाचा जुना एक्झिमा डोकं वर काढतो. त्यावर कोमट पाण्याची झटपट आंघोळ, सौम्य साबण, ओलसर अंगावरच मॉइश्चरायझर, सैल सुती कपडे, कॅलामाइन, एवढ्याने बऱ्यापैकी भागतं. गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत, काढे तर नाहीच नाही.

पण पुरळ नसताना तळहात-तळपाय खाजतात, आणि रात्री जास्त, तेव्हा गोष्ट वेगळी. आपण गांधी उठल्या की 'पित्त उठलं' म्हणतो. इथे गंमत अशी, की अंगावर काहीच उठत नाही आणि कारण मात्र खरोखरच पित्ताचं! यकृतात तयार झालेलं पित्त आतड्याकडे वाहून जायला हवं. गर्भारपणातल्या संप्रेरकांमुळे, आणि काही घराण्यांत आनुवंशिकतेमुळे, हा प्रवाह मंदावतो. पुढचा निचरा मंद झाला की मागची पातळी चढते, हे कुठलाही प्लँट ऑपरेटर सांगेल. तशी पित्ताम्लं रक्तात साचतात. याला म्हणतात कोलेस्टेसिस. सहसा शेवटच्या तीन महिन्यांत होतो. लघवी गडद, शौचाचा रंग फिका, क्वचित डोळे पिवळे, ही आणखी काही लक्षणं.

हे आपल्याला ठाऊक हवं, कारण ब्रिटनमध्ये सगळ्या गरोदर बायकांत हे प्रमाण हजारी ७ च्या आसपास, तर भारतीय-पाकिस्तानी वंशाच्या बायकांत हजारी १२ ते १५ आहे. आईला त्रास होतो तो खाजेचा, काळजी असते ती बाळाची. २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की पित्ताम्लं १०० मायक्रोमोल किंवा त्यावर गेली तर बाळ पोटात दगावण्याचा धोका स्पष्ट वाढतो. त्याखाली, एकच बाळ असेल तर, तो इतरांइतकाच असतो. म्हणजे घाबरायचं नाही, पण आकडा माहीत हवा! पहिला रिपोर्ट चांगला आला आणि खाज थांबली नाही, तर पुन्हा तपासायचं. उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या बरीच वर्षं सर्रास दिल्या जात. २०१९ च्याच दुसऱ्या चाचणीत त्यांचा फारसा उपयोग दिसला नाही. खरा इलाज म्हणजे रक्तावर नजर ठेवून बाळंतपणाची वेळ ठरवणं. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट बघायची नाही. केके हॉस्पिटलमध्ये चोवीस तास तपासतात, सरळ टॅक्सी करायची.

मला सदतिसाव्या आठवड्यात कळा आणवल्या. बाळंत झाल्यावर दोन-तीन दिवसांत खाज गेली. काही आठवड्यांनी यकृताची तपासणीही व्यवस्थित आली. पण पुढच्या खेपेला हा पाहुणा बहुधा परत येतो, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगून ठेवावं. आई किंवा बहिणीला झालं असेल तर तेही.

सातव्या मजल्यावरून काल निरोप आला. आकडा ४६. आता अधूनमधून रक्त तपासणार, आणि अडतिसाव्या आठवड्यानंतर काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. पुण्याच्या आईने तिकीट अलीकडचं करून घेतलंय. सब्ज्याचं पुडकं आमच्याकडे आलं, रविवारी फालुदा केला.