पत्र्यास कारण की...

आपल्यापैकी बहुतेकांच्या आजीकडे एक 'जर्मन'चं पातेलं असायचं. त्याचा जर्मनीशी काय संबंध, हे कुणी विचारायचं नाही. ॲल्युमिनियमला आपल्याकडे जर्मन म्हणायचे, झालं. ते पातेलं ओट्यावरून पडलं की चेपायचं आणि अंगठ्याने आतून दाबलं की बऱ्यापैकी सरळ व्हायचं. ॲल्युमिनियम म्हणजे मऊ, हा आपला समज तिथून आलाय. समज अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा माहीत नसेल, तर पत्रा नेमका घडीवर तडकतो.

तर मंडळी, या वीकेंडला मॉल नाही, मल्टिप्लेक्स नाही. या वीकेंडला पत्रा वाकवायचा.

निमित्त आमच्या मामांची जुनी महिंद्रा जीप. डॅशबोर्डखालच्या स्विचच्या पट्टीची गंजून जाळी झालीय आणि त्या जाळीच्या कडांवर वायरी घासतायत. मामांचं म्हणणं साधं होतं, "पावसाळ्याआधी हे नीट झालं नाही तर भंगारात देतो. धूर निघालेला बघायचा नाहीये मला." गॅरेजमधला डेंटर लोखंडी पत्र्याची पट्टी करून द्यायला तयार होता. ॲल्युमिनियमचं नाव काढल्यावर मात्र त्याने हात वर केले. त्याचंही चुकलं नाही, कारण ॲल्युमिनियमच्या वेल्डिंगला आर्गॉन गॅसचं वेगळं मशीन लागतं आणि पेठेतल्या छोट्या गॅरेजला ते परवडत नाही. पण आपल्याला वेल्डिंग करायचंच नाहीये. दोन घड्या घालायच्या आणि बोल्टने बसवायचं.

आता पुण्याची गंमत बघा. चाकण-आकुर्डीला गाड्या बनतात आणि हिंजवडीला त्या गाड्यांचे पत्रे कॉम्प्युटरवर वाकतात. माझा एक मित्र गेली सहा वर्षं हेच करतोय. माउसच्या एका क्लिकमध्ये ९० अंशाची घडी! खरा पत्रा हातात कधी धरलास, असं विचारल्यावर साहेब म्हणाले, "कूलरचा धरलाय." मग त्यालाही पार्टनर करून घेतला. आकडेमोड त्याची, हातोडी माझी.

गाडीला ॲल्युमिनियम हा काही फॅन्सी प्रकार नाही. १९४८ च्या ३० एप्रिलला ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर लोकांसमोर आली, तिची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती. युद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाचं रेशनिंग होतं, म्हणून. त्यानंतर महिन्याभराने, १ जूनला, आपली पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली. पुढे एसटीने दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या स्वतःच्या कार्यशाळांमध्ये ॲल्युमिनियमच्या बॉडी बांधल्या. ज्या लाल डब्यातून आपण आजोळी गेलो, त्याचा पत्रा हाच. हलका, न गंजणारा, एखादा भाग फाटला तर रिव्हेट काढून तेवढाच बदलता येणारा. पण २०१८ च्या सुमाराला याच एसटीने जुन्या चासीवर पोलादी बॉडी चढवायला सुरुवात केली, कारण अपघातात पोलाद जास्त तग धरतं. यातून आपण घ्यायचं ते एवढंच की ॲल्युमिनियमचा पत्रा झाकायला उत्तम, पण भार पेलायला घरगुती पत्र्यावर विसंबू नये. सीटचा ब्रॅकेट, सीटबेल्टचा आधार, स्टिअरिंग किंवा ब्रेकच्या आसपासचं काहीही गच्चीवर बनवायचं नाही. बॉडी कापून आकार बदलायचा विचार असेल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आधी वाचा. आतली स्विचची पट्टी त्यात येत नाही. गाडीचा मूळ तपशील बदलणारे फेरफार येतात.

खरेदीला निघालात की दुकानदार विचारतो, "ताई, किती किलो?" पत्रा किलोवर मिळतो आणि जाडी गेजमध्ये सांगतात. गेज वाढला की पत्रा पातळ, हे उलटं गणित लक्षात ठेवा. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिमी, आपल्या कामाला हाच. १६ गेज म्हणजे १.६ मिमीच्या आसपास, पण हाताने वाकवताना घाम काढतो. आठ बाय चारचा अख्खा १८ गेज पत्रा दहा किलोच्या आत भरतो. लोखंडाचा तोच पत्रा जवळपास तिप्पट. अख्खा घ्यायची अर्थातच गरज नाही. भोसरीच्या एखाद्या फॅब्रिकेटरकडे कापून उरलेले तुकडे बघा.

आणि आता तो उरलेला अर्धा. नुसतं ॲल्युमिनियम मागू नका, ग्रेड विचारा. ५०५२ मिळाला तर डोळे मिटून घ्या, तो वाकतो आणि दमट हवाही सोसतो. ११०० किंवा ३००३ त्याहून मऊ, तेही चालतील. ६०६१-टी६ मात्र नको. नाव भारदस्त, ताकद जास्त, म्हणून दुकानदार कौतुकाने पुढे करतो. पण हा उष्णता देऊन कडक केलेला असतो आणि बारीक गोलाईवर घडी घातली की बाहेरच्या बाजूला केसासारखी चीर जाते. पत्र्यावर लाटल्याच्या बारीक रेषाही दिसतील, उन्हात तिरका धरून बघा. घडी त्या रेषांना आडवी घालायची, समांतर नाही. लाकूड जसं रेषेवर फाटतं, तसाच थोडाफार स्वभाव याचाही.

आकडेमोडीत पार्टनर चमकला. आम्हाला समोरची बाजू २०० मिमी हवी होती आणि वर-खाली २५-२५ मिमीची घडी. बेरीज २५०. पण कापायचा २४५! कारण वाकताना पत्रा कोपऱ्यावरून वळसा घेतो, काटकोनात जात नाही. १.२ मिमी पत्रा आणि आतून २ मिमी गोलाई असेल, तर एका घडीमागे साधारण अडीच मिलिमीटर वजा. के-फॅक्टर म्हणतात तो हाच फंडा. तरीही आधी त्याच पत्र्याच्या दोन बोटं रुंद पट्टीवर एक घडी घालून मोजून बघा. आमच्या पट्टीवर अडीचच निघाले. पार्टनर इतका खूश झाला की त्याने त्या पट्टीचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.

खुणा मार्करने करा. टोकदार खिळ्याने रेघ ओढायची सवय असेल तर ती कापायच्या जागी ठीक, घडीच्या जागी नाही. ओरखडा म्हणजे चिरेला दिलेलं आमंत्रण. स्विचची भोकं पत्रा सपाट असतानाच पाडून घ्या, घडीपासून निदान सेंटिमीटरभर लांब. नाहीतर भोक वाकताना लंबगोल होतं.

वाकवायला मशीन लागत नाही. लोखंडी अँगलचे दोन तुकडे, दोन-तीन सी-क्लॅम्प आणि घडीच्या लांबीची एक जाड, सरळ फळी. रविवारी जुन्या बाजारात हात मारलात तर बरंचसं तिथेच जमेल. ज्या अँगलवरून पत्रा वळणार, त्याचा कोपरा कानशीने घासून गोल करायचा. ही पाच मिनिटं वाचवू नका. पत्रा दोन अँगलमध्ये पकडायचा, फळी पूर्ण लांबीवर टेकवायची आणि दोन्ही हातांनी एका दमात, सावकाश रेटायचं. हातोडीने सुरुवात केली की पत्र्याला लाटा पडतात. हातोडी शेवटी, तीही लाकडी आणि मधे फळीचा तुकडा धरून. ९० अंशाला थांबलात की हात सोडल्यावर पत्रा थोडा परत येतो. म्हणून दोन-तीन अंश जास्त वाकवायचं. किती, ते तुमची ट्रायलची पट्टी सांगेल. (आणि हो, पत्ता पुणे असेल तर दुपारी एक ते चार हातोडी बंद. सोसायटीच्या सेक्रेटरींना मी हे लिहून दिलंय.)

एक गोष्ट पक्की. घडी चुकली म्हणून उलटी फिरवून पुन्हा घालायची नाही. कारण बघायचं असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत जाऊन उभे राहा. तांब्याच्या भांड्यावर ओळीने ठोके मारतात, त्याला मठारणं म्हणतात. ती नुसती नक्षी नसते. प्रत्येक ठोक्याने धातू कडक होतो, म्हणून पातळ हंडाही आकार धरतो. भांडं घडवताना मधेमधे ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावं लागतं. ॲल्युमिनियमचंही तेच. एकदा वाकलेली जागा कडक झालेली असते. तीच परत उलगडलीत की तिथेच तुटणार. तापवून मऊ करता येतं, पण हा धातू लाल न होताच ६६० अंशांच्या आसपास वितळतो, कळायच्या आत भोक. जुने कारागीर त्यावर साबण चोळतात आणि तो काळपट झाला की आच काढतात. गच्चीवर पहिल्याच खेपेला हा उद्योग करू नये असं माझं मत आहे. नवा तुकडा कापा.

पट्टी तयार झाली की सगळ्या कडा कानशीने मारा, मग पॉलिश पेपर. कापलेला ॲल्युमिनियमचा पत्रा ब्लेडसारखा चालतो. रंगाआधी एच प्रायमर लागतो, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात. लोखंडी बोल्ट थेट ॲल्युमिनियमवर कसू नका, मधे नायलॉनचा वॉशर घाला. दोन वेगळे धातू आणि पावसाचं पाणी एकत्र आलं की झिजतं ते ॲल्युमिनियम, पांढरी भुकटी सुटते.

आणि वायरींच्या भोकांना रबरी ग्रोमेट. प्रत्येक भोकाला. मामांना ज्या धुराची भीती होती तो इथूनच निघतो. धडधडणाऱ्या गाडीत कडेवर वायर घासते, आवरण कापलं जातं आणि बॅटरीचा करंट थेट पत्र्यात. म्हणून काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. शेवटी परत जोडताना लाईनमध्ये फ्यूज आहे ना, तेही बघा.

आमच्या पट्टीला चार स्विच, एक चार्जिंग पॉइंट आणि सहा ग्रोमेट लागले. मामांनी चष्मा कपाळावर चढवून सगळ्या कडांवरून अंगठा फिरवला, हेडलाइटचा स्विच तीनदा दाबला आणि विचारलं, "दाराला आतून लावायला असाच एक करून देशील?" दाराला गोलाई आहे, सरळ घडी नाही. पार्टनर कालपासून वर्तमानपत्राचे साचे कापतोय.