दिसायचा दिवा

जुन्या गाडीला दिवसा पेटणारा दिवा लावला की गाडी 'बाटते', असं मानणारे लोक जळगाव-धुळ्यातही आहेत. पद्मिनी, अ‍ॅम्बॅसिडर, जुनी जीप जिवापाड जपणारी ही मंडळी. त्यांच्या हौसेबद्दल मला आदर आहे. आमच्या दारातही अब्बांची पद्मिनी उभी असते आणि ती आजही धुळ्यापर्यंत जाऊन येते. पण त्यांचं हे म्हणणं मला अजिबात मान्य नाही. का, ते सांगतो.

आधी 'मूळ' या शब्दाचं बघू. पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट 1100. वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनली आणि नाव मिळालं राजपूत राणीचं. अ‍ॅम्बॅसिडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, बंगालमध्ये उत्तरपाड्याला तयार झालेली. ज्यांचा जन्मच सरमिसळीतून झाला, त्या गाड्यांना शुद्धतेचे धडे कसले देता? याच गाड्यांना गॅस किट बसलं, रेडियल टायर आले, कॅसेट प्लेअर जाऊन ब्लूटूथ आलं, तेव्हा कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. सोवळं आठवतं ते नेमकं दिव्यापाशी. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. अर्ज, वकील, हुकूम हे शब्द काढून मराठी 'शुद्ध' करायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. त्यांचा आणि या मंडळींचा सूर मला एकच वाटतो.

आता आपल्या खानदेशाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. तापीचं खोरं पूर्व-पश्चिम पसरलेलं, म्हणून आपले मोठे रस्तेही तसेच. धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव हा महामार्ग, पूर्वीचा सहा नंबर आणि आताचा 53. सातपुड्याच्या पायथ्याचा चोपडा-यावल-फैजपूर-रावेर रस्ताही तसाच. सकाळी धुळ्याहून जळगावकडे येणाऱ्याच्या डोळ्यांत सूर्य असतो. समोरून येणाऱ्या गाडीच्या पाठीमागे तोच सूर्य असतो, त्यामुळे तिचं तोंड सावलीत जातं. दिसतो तो काळपट ठोकळा, आणि तो उभा आहे की येतोय हे चटकन कळत नाही. संध्याकाळी हेच उलट्या दिशेने घडतं. सूर्य थेट डोळ्यांत असेल तर कुठलाच दिवा जादू करत नाही. पण ऊन जरा वर चढलं की, किंवा कडुनिंबाच्या सावलीत ऊन-सावलीचा खेळ चालू असताना, दोन पांढरे ठिपके लांबूनच सांगतात की गाडी येते आहे. केळीच्या ट्रकला ओव्हरटेक करायला निघालेल्या मोटरसायलवाल्याला तेवढीच सूचना पुरते. त्याच्या मागे बायको आणि टाकीवर पोर बसलेलं असतं, हे विसरू नका.

मराठीत 'बघणं' आणि 'दिसणं' ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. हेडलाइट हा बघायचा दिवा, हा दिसायचा दिवा. स्वीडनने 1977 साली दिवसाही दिवे लावणं सक्तीचं केलं. युरोपीय संघात फेब्रुवारी 2011 पासून नव्या मोटारींना असे दिवे आले. आपल्याकडे 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट आपोआप पेटू लागला. तेव्हा रस्त्यावरचा प्रत्येक जण हाताची बोटं उघडमीट करून 'लाइट चालू आहे' असं सांगायचा. आज कुणी सांगत नाही. सवय झाली.

'मग हेडलाइटच लावा की दिवसा,' असं कुणी म्हणेल. जुन्या गाडीचं पोट तेवढं मोठं नसतं. 55 वॅटचे दोन बल्ब म्हणजे 110 वॅट, म्हणजे 12 व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर. गाडी हळू चालताना डायनॅमोला ते झेपत नाही, आणि अनेक जुन्या गाड्यांत हा सगळा करंट रिलेशिवाय थेट स्विचमधून जातो. स्विच तापतो, वायर करपते. दहा-दहा वॅटची एलईडीची जोडी दोन अँपिअरच्या आतच घेते.

कायद्याची भीती दाखवणाऱ्यांनी कायदा वाचावा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नोंदणीपत्रातल्या तपशिलांत बदल होऊ नये म्हणतं. 2021 चा विंटेज गाड्यांचा नियम 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी आहे. तो चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको म्हणतो. बंपरच्या बोल्टला पट्टी लावून बसवलेला, पाना फिरवला की निघणारा दिवा यातल्या कशातच मोडत नाही. पत्रा कापू नका, भोक पाडू नका, एवढं पाळलं तर प्रदर्शनाच्या दिवशी तो काढूनही ठेवता येईल.

पण माझं दुसरं भांडण दिवे लावणाऱ्यांशीही आहे. निळे, लुकलुकणारे, समोरच्याचे डोळे दिपवणारे पट्टे लावून फिरणं म्हणजे सुरक्षितता नव्हे, दादागिरी आहे. पुढच्या बाजूला लाल दिवा तर नियमातच बसत नाही. दिसायचा दिवा पांढरा, स्थिर आणि मर्यादित तेजाचा हवा, आणि हेडलाइट लावला की तो विझला किंवा मंद झाला पाहिजे.

हे काम शेवटी ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हातात आहे, आणि आपल्या वस्त्यांतली कितीतरी पोरं याच धंद्यात आहेत. त्यांना माझं सांगणं आहे: फ्यूज लावल्याशिवाय वायर जोडू नका. गाडीचा अर्थ पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह ते आधी तपासा, काही जुन्या इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत तो उलटा असतो. रिले हेडलाइटच्या वायरशी जोडा. आणि कुणी चार पैसे जास्त देऊन निळा लुकलुकणारा पट्टा मागितला, तर 'नाही लावणार' म्हणा. गिऱ्हाईक आज जाईल, पण त्या पट्ट्याने दिपून कुणाची मोटरसायकल खड्ड्यात गेली तर ते ओझं तुम्हालाही पेलणार नाही.