शिक्का मातीला, हाताला नाही

दोस्तांनो, पाकिटावर 'ऑरगॅनिक' दिसलं की हुरळू नका. आणि 'शेठ लोकांचे चोचले' म्हणून थुंकूही नका. आधी वाचा. न वाचता अंगठे देऊन आपले बापजादे लुटले गेलेत.

मी गोदीत माल उचलणारा माणूस. पोत्यावर काय छापलंय ते वाचायची मला खोड आहे. तेव्हा ऐका.

'गावरान', 'देशी', 'विषमुक्त' हे शब्द म्हणजे दाखला नव्हे. 2017 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार देशात पिकलेला माल सेंद्रिय म्हणून बाजारात आणायचा तर दोन दाखले चालतात. पहिला एनपीओपी, 2001 पासूनचा. त्याचा तपासनीस बाहेरचा, त्याची फी भरावी लागते. निर्यात याच्यावरच. दुसरा पीजीएस-इंडिया. त्यात किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांची शेतं तपासतात. याच्यावर माल परदेशी जात नाही. लहान शेतकऱ्यानं थेट गिऱ्हाइकाला विकलं तर या पडताळणीतून सूट आहे.

शिक्का सांगतो माल कसा पिकवला ते. एनपीओपीत हंगामी पीक असेल तर पेरणीआधी दोन वर्षं जमीन नियमाप्रमाणे सांभाळावी लागते. दोन वर्षं! सालाच्या खंडानं दुसऱ्याची जमीन कसणारा दोन वर्षं कुठून थांबणार? पाडव्याला मालकानं जमीन काढून घेतली की घाम गेला पाण्यात. म्हणजे शिक्का मिळणार सातबारावाल्याला. आणि त्याच रानात पाठ मोडून खुरपणाऱ्या बाईला मजुरी किती मिळाली? पाकीट गप्प.

आणखी एक गंमत बघा. याच एनपीओपीच्या खतांच्या यादीत हाडांचा चुरा आणि रक्ताची भुकटी अटींवर चालते. वा रे शुद्धता! मेलेलं ढोर ओढणारा गावाबाहेर, आणि त्याच ढोराच्या हाडावर पिकलेला तांदूळ देवघराशेजारी!

म्हणून शिक्का फाडा असं मी म्हणत नाही. विष फवारताना पहिला मरतो तो मजूरच. विष थांबलं पाहिजे. पण जमीन कुणाची, मजुरी किती, हेही पाकिटावर छापा. गावी ज्यांचा अर्धा-एक एकर तुकडा आहे त्यांनी पाच जण जमवा, गट करा, दाखला आपल्या हातात घ्या. आणि ज्यांना तुकडाही नाही त्यांच्यासाठी आधी जमीन मागा, मग शिक्का.

तोवर हा शिक्का अर्धाच खरा. अर्ध्या खऱ्याची पुरी किंमत आपण का मोजायची?